शेतकऱ्याचा पोरगा, हाडाचा डॉक्टर आणि इन्सुलिनचा शोध : डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांची गोष्ट

१४ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याकडं झेडपीच्या शाळेत चाचा नेहरूंच्या फोटोला हार, पोरांची भाषणं आणि शेवटी खाऊ. त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात एक बॅनर लागलेला असतो, निळ्या गोलाचा. जागतिक मधुमेह दिन. बालदिन नेहरूंच्या वाढदिवसाला असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मधुमेह दिनसुद्धा एका माणसाच्या वाढदिवसालाच असतो, हे मात्र फारसं कुणाला माहीत नाही. तो माणूस म्हणजे कॅनडाचे डॉ. फ्रेडरिक बँटिंग. ज्यांच्यामुळं इन्सुलिनचं इंजेक्शन जगाला मिळालं.

आज आपल्या गावात गल्लीगणिक शुगरचा एक तरी पेशंट आहे. आयसीएमआरचा २०२३ साली छापून आलेला अभ्यास सांगतो की देशात दहा कोटींच्या आसपास लोकांना मधुमेह आहे. त्यातले बरेच गोळ्यांवर आहेत, काही इंजेक्शनवर. फ्रीजच्या दारात अंड्यांच्या शेजारी ठेवलेली ती छोटी बाटली आता कुणाला नवी राहिलेली नाही. पण शंभर वर्षांमागं ती नव्हती, तेव्हा काय होत होतं हे कळल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. म्हणून ही गोष्ट लिहायला घेतली.

फ्रेडचा जन्म १८९१ चा. कॅनडात ऑन्टारिओ नावाचा प्रांत आहे, तिथं अॅलिस्टन गावाजवळ बापाची शेती होती. पाच भावंडांत हा शेंडेफळ. घरात गाई, घोडे, डुकरं, शेतातली सगळी कामं. पोरगा लाजाळू, अभ्यासात बेताचा आणि शुद्धलेखनात तर पार कच्चा. हा शुद्धलेखनाचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं परत येणार आहे.

घरचे लोक धार्मिक. पोरानं चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावं अशी इच्छा होती. टोरांटोला कॉलेजात घातलं, तर पहिल्याच वर्षी नापास. मग त्यानं वाट बदलली आणि १९१२ मध्ये डॉक्टरकीला प्रवेश घेतला. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. सैन्याला डॉक्टरांची गरज होती म्हणून त्या बॅचचा अभ्यासक्रम घाईनं उरकला आणि १९१६ च्या अखेरीला पोरगा डॉक्टर झाला. आता डॉक्टर झाला म्हणजे आपणही अहो-जाहो करायला हरकत नाही.

बँटिंग लगेच सैन्यात दाखल झाले. इंग्लंडमधल्या लष्करी दवाखान्यात डॉ. क्लॅरेन्स स्टार नावाचे हाडांचे मोठे सर्जन होते, त्यांच्या हाताखाली जखमी सैनिकांची मोडलेली हाडं सांधायचं काम त्यांनी शिकून घेतलं. पुढं फ्रान्सच्या आघाडीवर गेले. सप्टेंबर १९१८ मध्ये कांब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा उजव्या हातात घुसला. सर्जनचा उजवा हात म्हणजे शेतकऱ्याची बैलजोडीच म्हणा. तशा हातानं ते तासन् तास इतर जखमींवर उपचार करत राहिले. जखम चिघळली, बरी व्हायला महिने लागले. या कामासाठी त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं.

युद्ध संपल्यावर टोरांटोला लहान मुलांच्या हॉस्पिटलात त्याच डॉ. स्टार यांच्याकडं हाडांचं शिक्षण पुरं केलं. वाकडे पाय, वाकलेले मणके, क्षयानं सडलेली हाडं, अशा पोरांवर तिथं उपचार होत. बँटिंगना तिथंच नोकरी हवी होती. मिळाली नाही. हॉस्पिटलात जागाच नव्हती.

दवाखाना टाकला, पेशंट येईना

आता इथून पुढचा भाग आपल्याकडच्या कुठल्याही नव्या डॉक्टरला आपला वाटेल. बँटिंगनी ऑन्टारिओतच लंडन नावाच्या शहरात (हे इंग्लंडचं लंडन नव्हे) वडिलांच्या मदतीनं घर घेतलं आणि १ जुलै १९२० ला दारावर पाटी लावली. सर्जन आणि जनरल प्रॅक्टिस. पाटी लागली आणि डॉक्टर वाट बघत बसले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा, दोन आठवडे. कुणी फिरकलं नाही. महिना संपत आला तेव्हा पहिला पेशंट आला, आणि तोही आजारी नव्हता. त्या काळी तिथं दारूबंदी होती, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच दारू मिळायची. गडी चिठ्ठी मागायला आला होता! पहिल्या महिन्याची कमाई झाली चार डॉलर.

घराचं कर्ज डोक्यावर, लग्न ठरलेलं, हातात पैसा नाही. एडिथ रोच नावाच्या शिक्षिकेशी त्यांचं लग्न ठरलं होतं. ते पुढं मोडलंच. पैशासाठी बँटिंगनी गावातल्या मेडिकल कॉलेजात तासाला दोन डॉलरवर शिकवणी धरली. ज्या विषयाचं आपल्याला फार येत नाही, तोही शिकवायची पाळी आली. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांना विद्यार्थ्यांना शिकवायचं होतं की शरीर साखर आणि पिष्टमय पदार्थ कसे वापरतं. हाडांच्या डॉक्टरला साखरेच्या चयापचयात काय गती असणार? म्हणून रविवारी रात्री पुस्तकं घेऊन वाचत बसले. सोबत एक मासिकही नुकतंच आलं होतं. त्यात मोझेस बॅरन नावाच्या डॉक्टरचा स्वादुपिंडातल्या खड्यावर एक लेख होता.

हे स्वादुपिंड काय ते थोडक्यात सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोटात जठराच्या मागं आडवी पडलेली ही ग्रंथी. ती दोन कामं करते. एक, अन्न पचवणारा रस तयार करून नळीवाटे आतड्यात सोडते. दुसरं, तिच्यात बेटांसारखे पेशींचे बारीक पुंजके असतात, ते काहीतरी थेट रक्तात सोडतात आणि त्यामुळं साखर शरीराला वापरता येते. हे पुंजके लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्यानं १८६९ मध्ये पहिल्यांदा पाहिले. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं, तर कुत्र्याला मधुमेह झाला. म्हणजे रोगाचं मूळ कुठं आहे ते कळलं होतं. औषध त्या ग्रंथीतच आहे हेही कळलं होतं. अडचण ही की ग्रंथी कुटून अर्क काढला की पचनाचा रस त्यात मिसळायचा आणि लोकांचा असा समज होता की तो रस औषधालाच पचवून टाकतो. बरेच जण प्रयत्न करून थकले होते.

बॅरनच्या लेखात असं होतं की खड्यामुळं नळी बंद झाली तर रस करणाऱ्या पेशी सुकून जातात, पण बेटं शाबूत राहतात. बँटिंगना झोप लागेना. रात्री दोनच्या सुमाराला उठून त्यांनी वहीत चार-पाच ओळी खरडल्या. कुत्र्याची नळी बांधायची, रसाच्या पेशी सुकू द्यायच्या आणि उरलेल्या बेटांचा अर्क काढायचा. त्या ओळींत त्यांनी मधुमेहाचं इंग्रजी स्पेलिंगच चुकवलं होतं. ती वही आजही जपून ठेवलेली आहे. स्पेलिंग न येणाऱ्या पोरांना धपाटे घालणाऱ्या मास्तरांनी हे जरूर वाचावं.

कुत्री, गोठा आणि कत्तलखाना

नोव्हेंबरमध्ये बँटिंग टोरांटो विद्यापीठात प्रा. मॅक्लिऑड यांना भेटले. मॅक्लिऑड साखरेच्या चयापचयातले जगात नाव असलेले माणूस. त्यांच्यापुढं हा खेड्यातून आलेला, संशोधनाचा कसलाही अनुभव नसलेला हाडांचा डॉक्टर. त्यांना फार भरवसा वाटला नाही, आणि त्यात त्यांची चूकही म्हणता येणार नाही. तरी त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती जागा दिली, दहा कुत्री दिली आणि एक मदतनीस द्यायचं कबूल केलं. दोन विद्यार्थी तयार होते. आधी कुणी काम करायचं यासाठी नाणं उडवलं आणि चार्ल्स बेस्ट या २२ वर्षांच्या पोराची पाळी आली. दुसऱ्याची पाळी पुढं कधी आलीच नाही, बेस्टच टिकून राहिला. एका नाण्यानं कुणाचं नाव इतिहासात गेलं आणि कुणाचं राहिलं!

१७ मे १९२१ ला काम सुरू झालं. महिनाभरानं मॅक्लिऑड स्कॉटलंडला सुट्टीवर गेले. उन्हाळा, वरच्या मजल्यावरची कोंदट खोली, कुत्र्यांचा वास, पगार नाही. सुरुवातीच्या दोन आठवड्यांतच दहापैकी सात कुत्री दगावली. मग हे दोघं रस्त्यावरची कुत्री दोन-तीन डॉलर देऊन विकत आणू लागले. नळ्या बांधून सहा-सात आठवडे थांबले आणि पोट उघडून बघतात तर काय, ज्या दोऱ्यानं नळ्या बांधल्या होत्या तो दोराच विरघळून गेलेला. सगळी मेहनत पाण्यात. पुन्हा रेशमी धाग्यानं बांधून नव्यानं सुरुवात केली. दुबार पेरणी म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायची गरज नव्हती.

३० जुलैला मधुमेही केलेल्या एका कुत्र्याला पहिल्यांदा अर्क टोचला. तासाभरात रक्तातली साखर खाली आली. ते कुत्रं दुसऱ्या दिवशी मेलं, पण साखर उतरली होती हे खरं. पुढं मार्जोरी नावाची एक कुत्री स्वादुपिंड नसतानाही या अर्काच्या जोरावर सत्तरेक दिवस जगली. बँटिंगनी लंडनमधला दवाखाना गुंडाळला, घर-सामान विकायला काढलं. परतीचा दोर कापून टाकला म्हणा ना.

पण नळी बांधून आठवडेच्या आठवडे वाट बघायची, आणि एका कुत्र्यापासून चार दिवसांचं औषध मिळवायचं, असं किती दिवस चालणार? इथं गोठा कामाला आला. बँटिंगना लहानपणापासून माहीत होतं की त्यांच्याकडं कत्तलखान्याला गाय देण्याआधी शेतकरी ती बऱ्याचदा भरवून घेतात, कारण गाभण गाय चाऱ्यावर लवकर अंग धरते. म्हणजे कत्तलखान्यात पोटातली वासरं मिळणार. आणि न जन्मलेल्या वासराला काही पचवायचं नसतं, म्हणजे त्याच्या स्वादुपिंडात पचनाचा रस जवळजवळ नसणार, बेटं मात्र भरपूर. ते आणि बेस्ट कत्तलखान्यात गेले, ग्रंथी घेऊन आले, अर्क काढला, तो लागू पडला. आपल्याकडं हे वाचताना काहींच्या मनाला लागेल हे मी जाणतो, पण झालं ते असं झालं. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या प्राध्यापकांना जे सुचलं नाही ते गोठ्यात वाढलेल्या माणसाला सुचलं, हे मला या सगळ्या गोष्टीत सर्वात भावतं.

डिसेंबरात आणखी एक गोष्ट उघड झाली. मोठ्या जनावराची आख्खी ग्रंथी घेऊन अल्कोहोलमध्ये अर्क काढला तरी काम होतंय! म्हणजे नळी बांधायची मुळात गरजच नव्हती. रात्री दोन वाजता सुचलेली ती कल्पना चुकीचीच होती. चुकीच्या वाटेनं निघून माणूस बरोबर गावाला पोचला.

ज्या रोगाला उपवासाशिवाय उपाय नव्हता

आता टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलात जाऊ. त्या काळात लहानपणी होणारा मधुमेह, ज्याला आज टाइप वन म्हणतात, तो झाला की पोरगं गेलंच समजायचे. या प्रकारात शरीर इन्सुलिन तयारच करत नाही. कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही, साखर लघवीतून वाहून जाते. आपल्या चरक-सुश्रुतांनी या रोगाला मधुमेह हे नावच त्यावरून दिलं, लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. शरीर मग चरबी जाळतं, त्यातून रक्तात आम्ल साठतं, श्वासाला कुजक्या फळासारखा वास येतो, पोरगं बेशुद्ध होतं आणि जातं. अमेरिकेतल्या डॉ. अॅलन यांनी एकच उपाय काढला होता, तो म्हणजे उपाशी ठेवणं. पोरांना इतकं कमी खायला द्यायचे की ती हाडांचा सापळा होऊन वर्ष-दोन वर्षं जास्त जगायची. भुकेनं मरायचं की रोगानं, एवढंच ठरवायचं आईबापांच्या हाती होतं.

लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा असाच तिथं पडला होता. वजन २९ किलो. चौदा वर्षांच्या पोराचं वजन २९ किलो, म्हणजे आपल्या सिमेंटच्या गोणीपेक्षा कितीतरी कमी. ११ जानेवारी १९२२ ला बाप तयार झाला आणि त्याला बँटिंग-बेस्टचा अर्क टोचला. टोचला दुसऱ्या डॉक्टरनं, कारण त्या हॉस्पिटलात बँटिंगना पेशंटला हात लावायचा अधिकार नव्हता. गढूळ, तपकिरी रंगाचं औषध होतं ते. साखर थोडी उतरली, पण टोचलं तिथं गळू झालं. डॉक्टरांनी प्रयोग थांबवला.

पुढचं श्रेय जेम्स कॉलिप यांचं. हे रसायनाचे जाणकार, डिसेंबरात मॅक्लिऑड यांनी त्यांना सोबत घेतलं होतं. किती टक्के अल्कोहोलमध्ये औषध विरघळतं आणि किती टक्क्यांना ते खाली बसतं, हे त्यांनी चिकाटीनं शोधून अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला लिओनार्डला तो शुद्ध अर्क दिला. एका दिवसात रक्तातली साखर ५२० वरून १२० वर आली. पोरगं उठून बसलं, तोंडावर तजेला आला, खायला मागू लागलं. हे पोरगं पुढं १९३५ पर्यंत जगलं, न्यूमोनियानं गेलं.

आमच्या पाहुण्यांत एक नऊ वर्षांची मुलगी आहे. दोन वर्षांमागं तिला टाइप वन निघाला. मुलगी सारखी पाणी पिते, रात्री अंथरूण ओलं करते, सुकत चालली, हे दिसत होतं, पण उन्हाचं असेल, जंत असतील असं म्हणत महिना गेला. इंजेक्शन सुरू झालं, मुलगी बरी दिसू लागली. तेव्हा कुणीतरी सांगितलं की अमक्या गावाला जडीबुटी मिळते, सुई कायमची सुटते. घरच्यांनी सुई बंद केली. तिसऱ्या दिवशी उलट्या, मोठमोठा श्वास आणि गुंगी. रात्री दीड वाजता जीपमध्ये घालून जिल्ह्याला नेलं, पाच दिवस आयसीयूत होती. वाचली. लिओनार्डची गोष्ट मी तिच्या बापाला सांगितली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. टाइप वनच्या लेकराची सुई कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नसते. आजारी असलं, जेवत नसलं तरी आपल्या मनानं थांबवायची नाही, डॉक्टरला फोन करून डोस विचारायचा. फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून पाण्याच्या माठाजवळ गारव्याला ठेवता येते. फ्रीज असेल तर बर्फाच्या खणात ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

परत टोरांटोला येऊ. यश आलं आणि भांडणं वाढली. खरं तर आधीपासूनच होती. बँटिंगना वाटत होतं मॅक्लिऑड आपलं श्रेय खाणार. सभेत बोलायची वेळ आली की बँटिंगची जीभ अडखळायची, मग मॅक्लिऑड उठून बोलायचे आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं शोध यांचाच. कॉलिपनी अर्क शुद्ध केला, पण कसा केला ते सांगायला नकार दिला, तेव्हा तर बँटिंगनी प्रयोगशाळेतच त्यांची कॉलर धरली. बेस्टनं मध्ये पडून सोडवलं. बांधावरून भाऊ-भाऊ भांडतात त्यातलाच प्रकार. मोठी माणसं म्हणून वेगळं काही नसतं.

आणि त्याच वेळी औषध बनेनासं झालं. कॉलिपना मोठ्या प्रमाणात बनवायला गेल्यावर ते जमेना, लहान प्रमाणातलंही हातातून गेलं. काही आठवडे इन्सुलिनच नव्हतं. बँटिंगचे वर्गमित्र डॉ. जो गिलक्रिस्ट यांना स्वतःला मधुमेह होता, त्यांना फेब्रुवारीत इंजेक्शन सुरू झालं होतं. पुढं नवी खेप आली की आधी आपल्यालाच टोचून बघायचं काम ते करू लागले. शेवटी अमेरिकेतल्या एली लिली कंपनीला सोबत घेतलं आणि १९२२ च्या उत्तरार्धात उत्पादन मार्गी लागलं. भल्यामोठ्या कारखान्यांत डुकरांच्या आणि गुरांच्या ग्रंथींचे ढीग येऊ लागले.

त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज बँटिंगकडं आली. पंधरा वर्षं पुरी व्हायला आली होती आणि वजन अवघं वीस किलोच्या आसपास. तीन वर्षं उपासमारीच्या उपचारावर तिनं दिवस काढले होते. सुया सुरू झाल्या आणि बँटिंगनी तिला पोटभर जेवायला सांगितलं. ही मुलगी पुढं शिकली, लग्न केलं, लेकरं झाली आणि १९८१ मध्ये, सत्तरी ओलांडून गेली. मंत्र्याची मुलगी म्हणून तिला आधी मिळालं का, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. औषध थोडं आणि मागणारे हजार, अशा वेळी वशिला चालतोच, कॅनडात काय आणि आपल्याकडं काय.

पण एका बाबतीत या लोकांना मानलं पाहिजे. शोधाचं पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांच्या नावावर होतं. ते त्यांनी टोरांटो विद्यापीठाला दिलं, प्रत्येकी एक डॉलर घेऊन. बँटिंगना तर डॉक्टरनं औषधातून पैसा कमवावा हेच पटत नव्हतं. पेटंट घ्यायचं ते एवढ्यासाठीच की दुसऱ्या कुणी मक्तेदारी करू नये. पुढं अमेरिकेत इन्सुलिनच्या किमती इतक्या वाढल्या की लोकांना डोस पुरवून पुरवून घ्यावा लागला, हे बातम्यांत आपण वाचलंय. आपल्याकडं मानवी इन्सुलिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं. बाटलीवरची किंमत बघूनच पैसे द्यावेत.

१९२३ मध्ये नोबेल जाहीर झालं, बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळून. कॅनडाला मिळालेलं ते पहिलं नोबेल, आणि वैद्यकशास्त्रात त्यांच्याइतक्या कमी वयात आजवर कुणालाच मिळालेलं नाही. आनंद व्हायचा तर बँटिंग भडकले. मॅक्लिऑडसोबत वाटून घ्यायचं म्हणून नोबेल नाकारायच्याच विचारात होते. लोकांनी समजूत घातली. मग त्यांनी आपल्या वाट्याचे अर्धे पैसे बेस्टला दिले. ते कळल्यावर मॅक्लिऑडनी आपले अर्धे कॉलिपना दिले. रुमानियात पाउलेस्कू नावाच्या शास्त्रज्ञानं त्याच सुमाराला, किंबहुना थोडं आधीच, असाच अर्क कुत्र्यांवर वापरून निबंध छापला होता. त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. माझं मत विचाराल तर ध्यास बँटिंगचा, हात बेस्टचे, शुद्ध करायची विद्या कॉलिपची आणि घर मॅक्लिऑडचं. यातला एक जरी नसता तरी १९२२ मध्ये लिओनार्ड वाचला नसता. पण बँटिंग हे कधी मोकळ्या मनानं मानू शकले नाहीत.

कॅनडा सरकारनं त्यांना वर्षाला साडेसात हजार डॉलर तहहयात लावून दिले. १९३४ मध्ये सर ही पदवी मिळाली. त्यांच्या नावानं संस्था उभी राहिली. पण माणूस काही सुखी झाला नाही. पहिलं लग्न १९२४ चं, एक मुलगा झाला, १९३२ मध्ये काडीमोड. तो त्या काळात कॅनडाभर गाजला. नंतर दुसरं लग्न हेन्रिएटा बॉल यांच्याशी. कर्करोगावर वर्षानुवर्षं खपले, हाती काही लागलं नाही. खाणकामगारांच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसून होणाऱ्या रोगावर काम झालं, ते कामाचं होतं. जग मात्र त्यांच्याकडं दुसऱ्या इन्सुलिनची वाट बघत होतं, आणि तसला शोध दरवर्षी लागत नसतो. मन रमवायला ते चित्रं काढायचे. ए. वाय. जॅक्सन या नामवंत चित्रकारासोबत बर्फाळ गावांत जायचे, गोठलेल्या बोटांनी रंगवायचे. १९२७ मध्ये तर दोघं थेट उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवर जाऊन आले. त्यांची चित्रं आज लिलावात मोठ्या किमतीला जातात.

दुसरं महायुद्ध लागलं तसे बँटिंग परत गणवेशात आले. उंचावर आणि वेगात विमान चालवताना वैमानिकाचं रक्त खाली उतरून तो बेशुद्ध का होतो, यावर त्यांच्या हाताखालच्या लोकांनी काम केलं आणि वैमानिकांसाठी खास पोशाख तयार झाला. विषारी मोहरी वायूवरचं औषध तपासायला बँटिंगनी तो स्वतःच्या पायावर लावून घेतला, पाय भाजला.

फेब्रुवारी १९४१ मध्ये युद्धाच्या कामासाठी त्यांना इंग्लंडला जायचं होतं. न्यूफाउंडलंडच्या गँडर विमानतळावरून २० तारखेला रात्री हडसन जातीचं बाँबर विमान निघालं. आत चौघं, वैमानिक जोसेफ मॅकी, वाट दाखवणारा, रेडिओवाला आणि बँटिंग. समुद्रावर गेल्यावर थोड्याच वेळात एक इंजिन बंद पडलं. मागं वळले, तर दुसरंही दगा देऊ लागलं. मस्ग्रेव्ह हार्बर गावाजवळच्या बर्फाच्या रानात विमान झाडांवर आदळलं. दोघं जागीच गेले. मॅकी जखमी पण शुद्धीवर. बँटिंगच्या बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुसाला इजा झाली होती, डोक्याला मार होता.

मॅकींनी त्यांना विमानातच पांघरूण घालून निजवलं. बँटिंग भ्रमात होते. आपण डॉक्टरांच्या बैठकीत आहोत असं त्यांना वाटत होतं आणि मॅकी आपले कारकून. ते वैद्यकातलं काहीबाही सांगत सुटले आणि लिहून घ्यायचा आग्रह धरू लागले. मॅकींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण म्हाताऱ्याला शांत वाटावं म्हणून (म्हातारा कसला, वय ४९) ते लिहून घेत असल्याचं सोंग करत राहिले. बँटिंगना झोप लागल्यावर मॅकी मदत शोधायला बर्फात बाहेर पडले. वाट सापडली नाही. परत आले तेव्हा बँटिंग विमानात नव्हते. उठून बाहेर गेले होते आणि थोड्याच अंतरावर बर्फात पडलेले होते. मॅकींनी आणखी दोन-तीन दिवस तिथं एकट्यानं काढले, मग २४ तारखेला वरून जाणाऱ्या विमानाला ते दिसले आणि गावातले लोक त्यांना न्यायला आले.